पूर्ण कपाळाची अर्धशिशी



स्मृतिव्याख्यानाला विषय मोठा घ्यावा असा आपल्याकडे संकेत आहे. आजचा विषय लहान आहे, कारण तो लहानांचा आहे. तीन ते दहा वर्षांच्या मुलाचं डोकं पुन्हा पुन्हा आणि जोरात का दुखतं, एवढाच प्रश्न. माझं उत्तर सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढचं सगळं तुम्हाला तपासत ऐकता येईल. मधल्या काळात खडखडीत बरं असणाऱ्या आणि तरीही अधूनमधून डोकेदुखीने आडवं होणाऱ्या अशा मुलांपैकी बहुतेकांना मायग्रेन असतो, म्हणजे आपण जिला अर्धशिशी म्हणतो ती. आणि ती ओळखली जात नाही याचं एक कारण त्या शब्दातच दडलेलं आहे. आयुर्वेदाच्या ग्रंथांतला ‘अर्धावभेदक’, आपली ‘अर्धशिशी’ आणि ज्या ग्रीक शब्दाचं झिजून ‘मायग्रेन’ झालं तो ‘हेमिक्रेनिया’, या तिन्ही शब्दांना अर्धं डोकं अभिप्रेत आहे. दोन दूरच्या परंपरांनी एकाच खुणेवरून रोगाला नाव दिलं, पण दोघींनी ते दिलं मोठ्या माणसाचं डोकं पाहून. लहान मुलाची अर्धशिशी बहुधा अर्धी नसतेच. ती दोन्ही बाजूंना, कपाळभर पसरलेली असते. एका बाजूला सरकण्याची तिची सवय किशोरवयाच्या अखेरीस किंवा त्यानंतर दिसू लागते. आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेच्या 2018 च्या वर्गीकरणात हा फरक स्पष्ट नोंदवलेला आहे. मोठ्यांचा झटका किमान चार तासांचा धरतात, मुलांच्या बाबतीत दोन तासही पुरतात, हेही त्यात आहे. तेव्हा ‘एकाच बाजूला दुखतं का रे?’ असं पाच वर्षांच्या मुलाला विचारायचं आणि त्याने मान हलवून नाही म्हटलं की अर्धशिशीचं नाव खोडायचं, ही चूक डॉक्टरांच्या हातूनही होते आणि आजीच्याही.

हा आजार मुलांत किती असतो याची पहिली भक्कम मोजणी स्वीडनमध्ये झाली. उप्सालाच्या बू बिल्ले या बालरोगतज्ज्ञाने सात ते पंधरा वर्षांच्या जवळजवळ नऊ हजार शाळकरी मुलांची पाहणी केली आणि 1962 मध्ये ती प्रसिद्ध केली. सात वर्षांच्या आत शंभरातल्या सुमारे चाळीस मुलांचं डोकं कधी ना कधी दुखलेलं होतं, पंधरा वर्षांपर्यंत हा आकडा पंचाहत्तरच्या घरात गेला. मायग्रेनच्या व्याख्येत बसणारी मुलं शंभरात सुमारे चार निघाली. पन्नास मुलांच्या वर्गात दोन. शिक्षकांनी हा हिशेब मनात ठेवावा असं मला वाटतं, कारण त्या दोन मुलांची वर्गातली ओळख बहुधा ‘नाजूक’ किंवा ‘नाटकी’ अशी असते. पुढच्या पाहण्यांतून आणखी एक गोष्ट कळली. वयात येण्यापूर्वी मुलगे या त्रासात मुलींच्या बरोबरीने, किंबहुना किंचित पुढेच असतात, त्यानंतर मात्र मुलींचं प्रमाण झपाट्याने वाढतं. अर्धशिशी हा बायकांचा आजार, ही समजूत सात वर्षांच्या मुलग्याला फार महागात पडते.

झटका दिसतो कसा? खेळता खेळता मूल बाजूला बसतं. चेहरा पांढराफटक पडतो, डोळ्यांखाली काळं दिसू लागतं. टीव्ही स्वतःहून बंद करतं, आणि हे लक्षण मी फार महत्त्वाचं मानतो, कारण टीव्ही स्वतःहून बंद करणारं निरोगी मूल दुर्मीळ. अंधाऱ्या खोलीत जाऊन पालथं पडतं, कुकरची शिट्टीही नको होते. कधी पोटात दुखतं म्हणतं, कधी उलटी होते, मग झोप लागते. दोन-तीन तासांनी उठतं ते ताजंतवानं, आणि खायला मागतं. मूल तीन-चार वर्षांचं असेल तर ‘डोकं’ हा शब्दही त्याच्या तोंडून येत नाही. नुसती किरकिर, उजेडाकडे पाठ आणि अवेळची झोप एवढंच दिसतं. उजेड आणि आवाज नकोसा होतो हे अशा मुलाच्या वागण्यावरून ताडावं, त्याच्याकडून शब्दांची अपेक्षा धरू नये, असं 2018 चं वर्गीकरणही सांगतं. गंमत अशी की, झटक्यानंतरची ही टवटवीच मुलाविरुद्ध पुरावा म्हणून वापरली जाते. मघाशी मरणाचं दुखत होतं आणि आता पोहे मागतोय, म्हणजे सोंगच! खरं तर असं पूर्ण ओसरणं हा अर्धशिशीच्या बाजूचा पुरावा आहे. डोक्यात काही वाढत असेल तर ते दुपारी चार वाजता मिटून जात नाही.

मग घरोघरी याला काय म्हणतात? महाराष्ट्रात तरी पहिलं उत्तर ‘पित्त’. पित्त झालं, पित्ताने डोकं चढलं, पित्त पडलं आणि मोकळं वाटलं. हे निरीक्षण म्हणून चोख आहे. डोकं दुखतं, मळमळतं, उलटीत पिवळं-हिरवं पाणी पडतं आणि नंतर आराम वाटतो, हे सारं खरंच घडतं. चूक आहे ती क्रम लावण्यात. झटक्याच्या वेळी जठराची हालचाल मंदावते, अन्न पुढे सरकत नाही, म्हणून मळमळतं. रिकाम्या पोटी उलटी झाली की पित्तरस दिसतो. म्हणजे पोटातली गडबड डोक्यातल्या घडामोडीमागून येते. पण एकदा पित्त म्हटलं की सगळा बंदोबस्त पोटाचा सुरू होतो. आम्लपित्ताची गोळी, कोकम सरबत, तिखट बंद. यात अपाय फारसा नाही, पण निदान तिथेच थांबतं. त्याहून मोठं नुकसान म्हणजे घराण्याचा इतिहास पुसला जातो. मायग्रेनचा वारसा बळकट असतो. त्याच्या एका विरळ, अर्धांग लुळं पाडणाऱ्या प्रकाराला कारणीभूत असलेला जनुक 1996 मध्ये एकोणिसाव्या गुणसूत्रावर सापडला, आणि नेहमीच्या मायग्रेनमध्ये अनेक जनुकांचा थोडाथोडा हात असतो हे आता सर्वमान्य आहे. म्हणून डॉक्टर विचारतात, घरात कुणाला मायग्रेन आहे का? आई प्रामाणिकपणे नाही म्हणते. तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारून पाहावा: घरात पित्ताचं डोकं कुणाचं आहे? उन्हातून आलं की कुणाला ओढणी बांधून पडावं लागतं? एसटीतून जाताना घाटात गाडी कुणाला लागते? मग आई, मामा, आजी अशी रांग लागते. गाडी लागण्याचा आणि अर्धशिशीचा संबंध जुना आहे आणि तो मुलांत विशेष दिसतो. निदानासाठी लागणारी निम्मी माहिती अशी घरात पडून असते, फक्त ती मराठीत मागावी लागते.

दुसरा संशयित म्हणजे डोळे. डोकं दुखलं की नंबर तपासा, हा सल्ला इतका रुळला आहे की चष्म्याच्या दुकानाला वेगळी जाहिरात लागू नये. डोळे तपासून घ्यावेत, याबद्दल वाद नाही. फळा न दिसणारं मूल चष्म्यावाचून राहू नये. पण नंबरामुळे होणाऱ्या डोकेदुखीची चाल वेगळी असते. सकाळी उठल्यावर ती नसते, वाचन-लेखन चालू राहील तशी वाढते, सौम्य असते, डोळे मिटून विश्रांती घेतली की उतरते. ती मुलाला उलटी करायला लावत नाही आणि रविवारी सकाळी आठ वाजता उठवत नाही. नवा चष्मा लावल्यानंतर महिनाभर डोकं दुखलं नाही, म्हणून चष्म्याने गुण आला असं वाटतं, पण अर्धशिशीचा स्वभावच महिना महिना गप्प बसण्याचा आहे. चष्म्याला श्रेय मिळतं आणि पुढचा झटका आला की नंबर वाढल्याचा संशय येतो.

तिसरा संशयित सायनस. इथे तर शरीररचनाच साक्षीला उभी आहे. कपाळातल्या पोकळ्या जन्मतः नसतातच म्हटलं तरी चालेल. त्या बालपणात हळूहळू आकार घेतात आणि पूर्ण व्हायला किशोरवय उजाडतं. पाच वर्षांच्या मुलाच्या कपाळदुखीचं खापर कपाळातल्या सायनसवर फोडणं म्हणजे बांधून न झालेल्या घरातल्या भाडेकरूवर आरोप ठेवण्यासारखं आहे. आक्षेप असा येईल की, झटक्याच्या वेळी नाक वाहतं, डोळ्यांत पाणी येतं, चेहरा तांबूस होतो, हे तर पालक डोळ्यांनी पाहतात. बरोबर, आणि त्याचं स्पष्टीकरण एका मज्जातंतूत आहे. मेंदूच्या गाभ्याला स्वतःला वेदना कळत नाही. वेदना कळते ती त्याच्यावरच्या आवरणांना आणि तिथल्या रक्तवाहिन्यांना, आणि ती वाहून नेते पाचवी कवटी-नस, जिला त्रिशाखी म्हणतात. हीच नस कपाळ, डोळे, गाल, नाक, दात यांची खबर आणते. झटक्यात ती उत्तेजित झाली की दुखणं तिच्या मुलखात कुठेही जाणवतं, आणि तिच्याशी जोडलेल्या प्रतिक्षिप्त क्रियेने नाक-डोळे वाहू लागतात. म्हणून डोळेवाला डोळ्यावर, नाकवाला नाकावर, दातवाला दातावर बोट ठेवतो, आणि तिघांनाही आपापल्या जागी दुखणं सापडतं. मोठ्या माणसांतला एक पुरावा इथे उपयोगी आहे. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात स्वतःला किंवा डॉक्टरांना सायनसची वाटलेली डोकेदुखी घेऊन 2,991 माणसं आली, त्यांतल्या 88 टक्क्यांचा त्रास मायग्रेनच्या चौकटीत बसला. मुलांसाठी हा आकडा जसाच्या तसा वापरता येणार नाही, पण चुकीची दिशा तीच आहे.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. ‘तुम्ही बसा अर्धशिशी म्हणत, आणि आत गाठ निघाली तर? सरळ प्रत्येकाचा स्कॅन का नको?’ पालकांच्या मनातली ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. मेंदूत गाठ असलेल्या 3,291 मुलांच्या नोंदींचा एक मोठा अमेरिकी अभ्यास 1991 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या 62 टक्के मुलांना रुग्णालयात येण्यापूर्वी डोकेदुखी होती, म्हणजे भीती निराधार नाही. पण डोकेदुखी आहे आणि मज्जासंस्थेच्या तपासणीत काहीच बिघाड नाही अशी मुलं तीन टक्क्यांहून कमी होती. गाठ एकटी डोकेदुखी घेऊन सहसा येत नाही, सोबत खुणा आणते. चालताना झोक जातो, डोळा तिरळा होतो, एकाची दोन दिसतात, मान एका बाजूला कलती राहते, अक्षर बिघडतं, शांत मूल चिडकं होतं, उंची वाढणं थांबतं. डोकेदुखीची चालही निराळी असते. ती झोपेतून उठवते, पहाटे उलटी घडवते, खोकताना-शिंकताना वाढते, आणि मुख्य म्हणजे आठवड्यागणिक चढत जाते. तीन-चार वर्षांखालच्या मुलाच्या वारंवार डोकेदुखीकडेही अधिक संशयाने पाहावं, कारण ते आपली कहाणी सांगू शकत नाही. अशी एकही खूण असेल तर स्कॅन आजच करावा. उद्यावर टाकू नये.

पण खूण नसताना सर्रास स्कॅन केल्याची किंमत असते. सीटीत क्ष-किरण असतात. 2012 मध्ये ‘लॅन्सेट’ने छापलेल्या ब्रिटिश अभ्यासाचा अंदाज असा होता की, दहा वर्षांखालच्या दहा हजार मुलांचा डोक्याचा पहिला सीटी केला तर पुढच्या दहा वर्षांत रक्ताच्या कर्करोगाचा एक आणि मेंदूच्या गाठीचा एक जादा रुग्ण निघेल. धोका लहान आहे, पण ज्या गाठीच्या भीतीने स्कॅन केला त्याच जातीचा आहे. एमआरआयमध्ये किरणं नाहीत, पण लहान मुलाला निपचित ठेवायला गुंगी द्यावी लागते. शिवाय निरुपद्रवी काहीतरी दिसतंच, एखादी पाण्याची पिशवी, एखादा ठिपका, आणि मग त्या ठिपक्याच्या चिंतेत घर वर्षभर झोपत नाही. स्कॅनचा कागद खूप सांगतो, पण मायग्रेन त्यात कधीच दिसत नाही. उलट बाजूचा पुरावाही ऐकावा. ब्रिटनमध्ये मुलांच्या मेंदूतल्या गाठीचं निदान व्हायला पहिल्या लक्षणापासून मध्यगा काळ 14.4 आठवडे लागत होता. 2011 मध्ये तिथे ‘हेडस्मार्ट’ ही मोहीम सुरू झाली आणि काही वर्षांत तो 6.7 आठवड्यांवर आला. सगळ्यांचा स्कॅन हा मोहिमेचा मार्ग नव्हता. कोणत्या खुणा दिसल्या की थांबायचं नाही, हे तिने पालकांना आणि साध्या डॉक्टरांना वयानुसार सांगितलं. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने 1851 मध्ये तयार केलेलं, डोळ्याचा पडदा पाहण्याचं उपकरण या कामी आजही बिनतोड आहे. डोक्यातला दाब वाढला की डोळ्याच्या नसेचं टोक सुजतं आणि ते दोन मिनिटांत दिसू शकतं. मुलाच्या मापाची पट्टी घेऊन रक्तदाब पाहणं, चालवून पाहणं, डोक्याचा घेर मोजणं, यालाही वीजबिल येत नाही. आपल्या गर्दीच्या दवाखान्यांत याच गोष्टी गळतात आणि स्कॅनची चिठ्ठी मात्र मिळते, याला काय म्हणावं!

याच ठिकाणी परदेशी मार्गदर्शिका जशीच्या तशी उचलणाऱ्यांनाही थांबवलं पाहिजे. आपल्याकडे काही कारणं अशी आहेत जी स्टॉकहोमच्या यादीत तळाला असतील. 1980 च्या दशकात भारतात सीटी आला तेव्हा फिट आलेल्या मुलांच्या मेंदूत एकुलता एक लहान, चमकणारा ठिपका वारंवार दिसू लागला. तो क्षयाची गाठ समजून महिनोन्महिने क्षयाची औषधं दिली जात. पुढे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातल्या न्यूरोसर्जननी त्या ठिपक्यांचे तुकडे तपासले आणि बहुतेक ठिकाणी निघाली ती डुकराच्या पट्टकृमीची मरू घातलेली अळी. या कृमीची अंडी माणसाच्या विष्ठेतून पाण्यात आणि भाजीपाल्यावर येतात, म्हणून शुद्ध शाकाहारी घरातलं मूलही सुटत नाही. तिची मुख्य तक्रार फिट ही असते, पण डोकेदुखीही असते, आणि फिटेची पार्श्वभूमी असलेल्या मुलाचा स्कॅन इथे वेळीच करावा लागतो. क्षयाचा मेंदूज्वर तर आणखी फसवा. दोन-तीन आठवडे बारीक ताप, चिडचिड, भूक मंदावणं, डोकं दुखणं, मध्येच उलटी, आणि मग अचानक गुंगी. त्यात अर्धशिशीतली ती मधली निखळ बरी स्थिती नसते. मूल रोज थोडं अधिक मलूल होत जातं. लहानपणी दिलेली बीसीजी लस या प्रकाराविरुद्ध बरंच संरक्षण देते, संपूर्ण नव्हे. तिसरं कारण आपल्या न्हाणीघरात टांगलेलं असतं. बंद, छोट्या न्हाणीघरातला गॅस गीझर अपुऱ्या हवेत कार्बन मोनॉक्साइड सोडतो. तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पटींनी हिमोग्लोबिनला चिकटतो, आणि त्याला रंग नाही, वास नाही. हिवाळ्यात आंघोळीनंतर डोकं दुखतं, गरगरतं, घरातल्या दुसऱ्या कुणालाही तसंच होतं आणि मोकळ्या हवेत आल्यावर उतरतं, अशी चाल दिसली तर आधी खिडकी पाहावी. शिसं हे चौथं. 2020 मध्ये युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या अहवालाने जगातल्या दर तिसऱ्या मुलाच्या रक्तात काळजी करण्याइतकं शिसं असल्याचा अंदाज दिला, आणि त्यात भारताचा वाटा सर्वांत मोठा होता. जुन्या बॅटऱ्या फोडण्याचं काम जिथे वस्तीत चालतं, तिथल्या मुलाची डोकेदुखी, पोटदुखी आणि अभ्यासातली घसरण एकत्र वाचावी लागते.

या सगळ्यात एक सूत्र दिसलं असेल. प्रत्येक कारणाला काळाची स्वतःची चाल आहे. क्लीव्हलँडच्या डेव्हिड रॉथनर यांनी मुलांच्या डोकेदुखीची विभागणी याच पायावर केली: एकदाच अचानक आलेली, येऊन-जाऊन पुन्हा येणारी, सतत चढत जाणारी, आणि रोजची पण न चढणारी. दुखतं कुठे, यापेक्षा ते दिनदर्शिकेवर कसं उमटतं, हे अधिक बोलकं असतं. भिंतीवरच्या ‘कालनिर्णय’वर आई दुधाचा हिशेब लिहिते, त्याच चौकोनात डोकेदुखीची वेळ, उलटी, झोप आणि दिलेली गोळी तीन महिने लिहिली, तर दवाखान्यात दहा मिनिटांत जे कळत नाही ते त्या कागदावर दिसतं.

यावर एक जुना आणि एक नवा आक्षेप आहे. जुना असा की, हे सगळं शाळा बुडवण्यासाठी असतं. काही वेळा असतंही, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण सोंगाचीही चाल असते. ते साडेसहाला उगवतं, बस गेली की मावळतं आणि सुट्टीत दर्शन देत नाही. तशी चाल दिसली तरी ‘काही नाही’ हा निष्कर्ष घाईचा ठरेल. वर्गात कुणी छळत असेल, वाचता येत नसेल, शिक्षकाची धास्ती असेल, तर त्या ताणाने होणारी डोकेदुखी दुखतेच. मायग्रेन असलेल्या मुलाला शाळेचीही भीती असू शकते. एक सापडलं म्हणून दुसरं नाही, असा नियम शरीर पाळत नाही. नवा आक्षेप मोबाईलचा. सगळं त्या स्क्रीनमुळे! फिनलंडच्या तुर्कू शहरात मात्ती सिलान्पा यांनी सात वर्षांच्या मुलांची पाहणी 1974 मध्ये आणि पुन्हा 1992 मध्ये केली. डोकेदुखी असलेल्या मुलांचं प्रमाण 14.4 टक्क्यांवरून 51.5 वर गेलं, मायग्रेनचं 1.9 वरून 5.7 वर. यातला काही भाग पालक अधिक जागरूक झाल्याचा असेल. पण 1992 मध्ये सात वर्षांच्या मुलाच्या हातात मोबाईल नव्हता, हे नक्की. म्हणजे वाढ त्याच्या आधीचीच आहे.

इथे मराठीतला एक भेद कामाला येतो, कारण आणि निमित्त यांचा. झटका येण्याची प्रवृत्ती हे कारण, ती मूल जन्माला घेऊन येतं. उपाशीपोटी शाळा, अपुरी झोप, दुपारचं ऊन, पाणी न पिणं, सहलीचा अतिउत्साह, आणि हो, रात्री अकरापर्यंतचा मोबाईल, ही निमित्तं. निमित्त टाळता येतं, म्हणून त्याच्या मागे लागावं, पण त्याला कारण समजून मुलाला गुन्हेगार ठरवू नये. निमित्तांपैकी कितीतरी तर मुलाच्या हातातच नसतात. सकाळी सातच्या शाळेसाठी साडेपाचला उठणारं मूल दूध पिऊन निघतं आणि साडेनऊपर्यंत पोटात काही नसतं. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी 2024 मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग नऊ वाजण्यापूर्वी भरवू नयेत असा आदेश काढला, त्यावर बस आणि दोन पाळ्यांच्या अडचणी पुढे आल्या. त्या खऱ्या आहेत. तरी डोकेदुखीच्या बाजूने पाहिलं तर सरकारी आदेशांत इतका थेट औषधी आदेश क्वचितच सापडेल. शाळेतली स्वच्छतागृहं घाण असतात म्हणून घरून नेलेली बाटली भरलेली परत आणणाऱ्या मुली, हाही याच यादीतला विषय आहे.

शेवटचा आक्षेप व्यवहारी आहे. अर्धशिशी म्हणून नाव ठेवलं, पुढे काय? मुळातून बरं करणारं औषध तर नाही. त्यावर 2017 चा एक अमेरिकी प्रयोग पाहावा. आठ ते सतरा वर्षांच्या 361 मुलांना झटके टाळण्यासाठी दोन प्रचलित औषधं किंवा नुसती साखरेसारखी निष्क्रिय गोळी देण्यात आली. डोकेदुखीचे दिवस निम्म्यावर आले ते एका औषधाने 52 टक्के मुलांत, दुसऱ्याने 55 टक्के मुलांत आणि निष्क्रिय गोळीने 61 टक्के मुलांत. प्रयोग मध्येच थांबवला गेला. कुणी म्हणेल, पाहा, म्हणजे दुखणं खोटंच. असा अर्थ निघत नाही. त्रास शिगेला असताना मूल डॉक्टरांकडे येतं आणि शिगेनंतर उतार असतोच, अपेक्षेचाही परिणाम होतो, आणि प्रयोगात भाग घेणाऱ्या मुलाची दर भेटीला नीट चौकशी होते, नोंदी ठेवल्या जातात. यांतलं किती कशाचं हे या आकड्यांवरून वेगळं करता येत नाही, पण लहान वयात रोजच्या औषधाची घाई नको, एवढं निश्चित कळतं. नावाचा दुसरा उपयोग चुकीचं थांबवण्याचा. झटक्याच्या सुरुवातीलाच वजनाप्रमाणे योग्य मात्रेत दिलेली साधी वेदनाशामक गोळी काम करते. तासाभराने, अर्धी तोडून दिलेली करत नाही. तीच गोळी महिन्यातून पंधरा दिवस देत राहिलं तर काही महिन्यांत गोळीच डोकेदुखी तयार करू लागते. निमेसुलाइड भारतात 2011 पासून बारा वर्षांखालच्या मुलांसाठी बंद आहे, आणि यकृत-मेंदूला इजा करणाऱ्या राय सिंड्रोममुळे ॲस्पिरिनही मुलांना देत नाहीत. घरातली उरलेली पट्टी पाहून गोळी काढण्यापूर्वी एवढं तरी वाचावं.

एवढंसं पोर आपलं दुखणं सांगणार कसं, ही शंका तरी उरतेच. त्याचं उत्तर 2002 मध्ये अमेरिकेतल्या स्टॅफस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी शोधलं, तेही मुलांच्या चित्रांत. डोकं दुखतं म्हणून आलेल्या 226 मुलांना, कुणी काही विचारण्यापूर्वी, ‘तुझं दुखणं कसं असतं ते काढून दाखव’ असं सांगितलं. मुलांनी डोक्यावर हातोडा मारणारी माणसं काढली, उलटी करणारं तोंड काढलं, काळ्या खोलीतली खाट काढली. डॉक्टरांनी स्वतंत्रपणे केलेल्या मायग्रेनच्या निदानाशी ही चित्रं ताडून पाहिली, तेव्हा मायग्रेन असलेल्या शंभर मुलांपैकी 93 जणांच्या चित्रांत तो ओळखू आला होता. त्या मुलांपैकी कुणालाही ‘एकाच बाजूला दुखतं का?’ असं तोवर विचारलेलं नव्हतं.